घरगाडीचा तिसरा बर्थ

॥ श्री ॥

बख्शी का तालाब, लखनौ
१० ऑक्टोबर १९९४

चि. सौ. उल्का हिस, वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि अवनीचा फोटो पोचला. पोरगी थेट तुझ्यावर गेली आहे, फोटोतसुद्धा भांडायच्या तयारीत उभी. विश्वासरावांना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्या गुडघ्याला तिळाचं तेल लावा म्हणावं. इकडे घट बसवलेत. फुलं मिळतात, पण झेंडू मोजून देतात मेले.

आता बातमी. बसून वाच. तुझ्या दादांनी गाडी घेतली. कुठल्याशा दवाखान्याची मोडीत निघालेली अॅम्ब्युलन्स लिलावात उचलली आणि तिचं घर करायचं ठरवलंय. डिसेंबरअखेर रिटायर झाले की क्वार्टर सोडावं लागणार. अशा वेळी शहाणी माणसं प्लॉट बघतात, फ्लॅट बघतात. आमचे हे बर्थ बघताहेत. चिनहटला बसच्या बॉड्या बांधणारे इद्रिसमिस्त्री आहेत, त्यांच्या शेडमध्ये ती उभी केलीय. सुट्टी मिळाली की स्कूटर काढून हे तिकडेच.

मिस्त्री माणूस गोड, पण त्याच्यापुढे एक्स्ट्रा हा शब्द काढू नये. छतावर पाण्याची टाकी लावू का, जाळीच्या खिडक्या, भिंतीत दुमडणारं टेबल, मागे शिडी, बाजूला कनात, सहा सुरांचा भोंगा, सगळं एका दमात विचारतो. मी भोंग्याला नाही म्हटलं तर म्हणाला की बहनजी, भोंग्याशिवाय गाडी म्हणजे बिना नमक की दाल. तुझे दादा मात्र प्रत्येक गोष्टीचं वजन विचारतात. सगळं आयुष्य हवाई दलाच्या विमानांत काढलं, पेटी चढवायची तर आधी काट्यावर. परवा मलाही काट्यावर उभं केलं. मी म्हटलं, जड झाले असेन तर मिरजेला पार्सल करा.

हसतेस ना? हस. मला हसू येत नाही. का घेतली ही गाडी ते तुला ठाऊकच आहे. आमचा धैर्या घर सोडून गेला त्याला दुसरं वर्ष लागलं. बारावीचा निकाल, हवाई दलाची परीक्षा हुकलेली, आणि जेवणाच्या ताटावर तुझे दादा बोलले की फुकट्याला या घरात जागा नाही. पोरगं ताटावरून उठलं ते उठलंच. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला. मग या ऑगस्टमध्ये ते कार्ड आलं, तुला कळवलंच होतं. मी बरा आहे, शोधू नका, आईने गोळ्या वेळेवर घ्याव्यात, एवढंच. शिक्का इटारसीचा.

त्या एका कार्डावरून आमचं दोघांचं बिनसलंय. हे शिक्का बघतात, मी पत्ता बघते. हे म्हणतात पोरगा रेल्वेच्या गावांतून हिंडतोय, आपण हिंडल्याशिवाय सापडायचा नाही. मी म्हणते, कार्डावर त्याने क्वार्टरचा नंबर नीट लिहिलाय, म्हणजे आपण इथे आहोत हे त्याच्या डोक्यात पक्कं आहे. आमची क्वार्टरांची लाइन तळाच्या कुंपणाबाहेरची, यायला कुणाची परवानगी लागत नाही. क्वार्टर सोडावं लागलं की इथेच जवळ दोन खोल्या घेऊ, निशातगंजला घेऊ, पण हलायला नको. त्याला घरी यायचं झालं तर घर कुठे शोधायचं त्याने? तीस वर्षं दुसऱ्याच्या भिंतींत राहिले, एक खिळा ठोकायची मुभा नव्हती. आता निदान एक उंबरा द्या म्हटलं, तर हे उंबऱ्यालाच चाकं लावताहेत.

तू सांगून बघ. तुझं ऐकलं तर ऐकतील. मुलांना गोड पापा, आणि तुझा जीव आहे आमच्यावर तो तसाच राहू दे.

तुझी वहिनी,
माणिक

॥ श्री ॥

मिरज
२२ ऑक्टोबर १९९४

ती. सौ. वहिनींस, उल्काचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी उभ्याने वाचलं आणि मग बसले. अॅम्ब्युलन्स? दादाला म्हणावं, घरात जायला अजून स्ट्रेचर लागत नाही आपल्याला. हे मात्र तुमचं पत्र वाचून खूष, कधी बसायला मिळेल म्हणून विचारताहेत. पुरुष सगळे सारखेच, चाक दिसलं की भान सुटतं.

वहिनी, थट्टा बाजूला ठेवून सांगते. आमच्या मागचा प्लॉट अजून रिकामा आहे. मालक ओळखीचा आहे. दोन खोल्या टाका, पुढे अंगण, विहिरीला बारमाही पाणी. लखनौत आपलं कोण आहे? इतकी वर्षं काढलीत, पण ती नोकरीची. धैर्याला मिरज काही नवीन नाही. लहानपणी सुट्टीत यायचा तेव्हा स्टेशनपासून एकटा चालत यायचा, टांगा नको म्हणायचा.

पण तुमचंही पटतं मला. पोरगं चिडून गेलं की आधी लांब जातं, मग एकदा तरी दारापर्यंत येऊन बघतं. माझा धाकटा दीर असाच गेला होता. तीन वेळा गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरला, हे त्यानेच पुढे सांगितलं.

दादाला मी वेगळं लिहिलंय. तो त्या रात्रीविषयी कधी बोलतो का हो? मला लिहितो त्यात हवा, पाणी, तब्येत. पोराचं नाव नाही. बाबांसारखाच, दुखतं कुठे ते सांगायचं नाही आणि औषध भलतीकडेच लावायचं.

गाडी करणारच असेल तर देवांना एक फळी मागून घ्या. ती एक्स्ट्रा नव्हे. दिवाळीचा फराळ पार्सलने पाठवतेय, कडबोळी फुटली तर पोस्टाला बोला, मला नको. मोठ्यांना नमस्कार, आणि माझ्यावर रागवायचा तुमचा हक्क शाबूत आहे.

आपली,
उल्का

॥ श्री ॥

बख्शी का तालाब
१३ नोव्हेंबर १९९४

चि. उल्कास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. फराळ पोचला. कडबोळी तुटलेली नव्हती, चकल्या होत्या. उत्तरास उशीर झाला कारण निवृत्तीची कागदपत्रे चालू आहेत.

प्लॉटविषयी आभारी आहे. तूर्त नको. गाडीचे काम ठीक चालले आहे. पत्रा उतरवून सांगाडा तपासला, खालून गंज होता तो कापून काढला. इंजिन मी स्वतः उघडले, ते उत्तम आहे. रंगाचा एक त्रास आहे. तीन हात मारूनही बाजूचा लाल क्रॉस उन्हात खालून दिसतो. चौथा हात मारू.

आतली व्यवस्था अशी. दोन बर्थ खाली, समोरासमोर. त्यांच्याखाली सामान. मागच्या बाजूस ओटा, एक शेगडी. देवांची फळी मंजूर. कनात व पाण्याची टाकी मंजूर. शिडी व भोंगा नामंजूर. तिसरा बर्थ वर, साखळीने दुमडणारा. त्याबद्दल तुझ्या वहिनीचे म्हणणे आहे की तो साडेपाच फुटी ठेवावा म्हणजे ओटा पुरेसा होईल. मिस्त्रीही तेच म्हणतो. मला ते पटत नाही.

यासंबंधी तुला विचारायचे आहे. बाबांची उंची नक्की किती होती? मला आठवते ती माझ्या लहानपणची, ती खरी धरता येत नाही. सदाकाकांची किती? आपल्या घरातल्या मुलग्यांची उंची अठराव्या वर्षानंतर वाढते का? माझी सर्व्हिसमध्ये भरती झाल्यावर थोडी वाढली होती, पण ती खाण्यामुळे असेल. त्याला आता खायला कसे मिळते कल्पना नाही. लौकर कळव, कारण फळी कापायची थांबवून ठेवली आहे.

विश्वासरावांस नमस्कार. मुलांस आशीर्वाद. लोभ आहेच, वेगळा लिहीत नाही.

तुझा,
दादा

॥ श्री ॥

मिरज
३० नोव्हेंबर १९९४

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि मग फडताळातून जुना फोटो काढला. बाबा दाराच्या चौकटीत उभे आहेत तो. यांनी आजच आपल्या जुन्या घरी जाऊन ती चौकट मापली. बाबा सहा फुटांना थोडे कमी. सदाकाका त्यांच्याहून उंच. आणि आजी नेहमी सांगायची की बाबा लग्नानंतरसुद्धा वाढले, मुंडावळ्या बांधताना वाकावं लागलं नाही आणि पहिल्या दिवाळसणाला दारात कपाळ आपटलं. तेव्हा वाढतात. सहा फूट घे, वर दोन इंच सोड.

दादा, मी तुझ्याहून लहान, पण एक बोलू दे. एवढी लांबरुंद जागा करतोयस ते कळतं मला. ही जागा तू त्याला जेवताना दिली असतीस तर फळी कापायची वेळ आली नसती. रागवलास तर रागव. मी तुझी बाजू घेणारच आहे, पण हे सांगून मग घेणार.

वहिनीचा ओटा फार कापू नकोस. त्या बाईने तुझ्या प्रत्येक बदलीला चूल नव्याने मांडली आहे. मिरजेवरून जायचं विसरू नका, आणि या बहिणीला परकी मानू नकोस.

तुझी,
उल्का

॥ श्री ॥

बख्शी का तालाब
१९ फेब्रुवारी १९९५

चि. सौ. उल्का हिस अनेक आशीर्वाद.

उद्या निघतो. हे पत्र रिकाम्या क्वार्टरमध्ये जमिनीवर बसून लिहितेय. पलंग, टेबल, खुर्च्या सगळं सरकारी होतं ते परत गेलं. आमचं म्हणून जे निघालं ते काळ्या पेट्यांत. पेट्यांवर यांचं नाव आणि जुन्या बदल्यांची गावं एकावर एक रंगवलेली आहेत. या वेळी पुढच्या गावाची जागा कोरी ठेवली.

क्वार्टर असं सोडायचं की आपण तिथे राहिलोच नव्हतो, ही यांची शिस्त. चुना मारून घेतला, दारावरची पाटी काढली, पाटीच्या खुणा घासल्या. धैर्याने खिडकीच्या गजाला सायकलची साखळी बांधून ठेवली होती, तीसुद्धा करवतीने कापली. मी बघत उभी राहिले. उल्का, मला या माणसाचा फार राग येतो आणि फार कीवही येते.

गाडी तयार झाली आणि छान झालीय, खोटं कशाला बोलू. निशातगंजहून मी निळ्या चौकटीचं कापड आणून पडदे शिवले. तिसरा बर्थ सहा फूट दोन इंची झाला, त्यापायी माझा ओटा एवढा उरला की पोळपाट ठेवला की तवा मांडीवर. पाटा-वरवंटा वजनात बसला नाही, तो राहिला. लोखंडी कढई राहिली. आणि कढीलिंब राहिला.

त्याचं फार लागलं मला. तुपाच्या मोठ्या डब्यात लावलेला, धैर्या सातवीत असताना. आता माझ्या खांद्याएवढा झालाय. इथले लोक त्याला मीठा नीम म्हणतात आणि फोडणीत घालायचं सोडून नुसते बघतात. याच डब्याखाली आम्ही किल्ली ठेवायचो. मी कुठे गेलेली असले, धैर्या शाळेतून आला, की डबा कलता करायचा आणि किल्ली काढायची. मातीसकट त्याचं वजन यांनी केलं आणि मान हलवली. डबा घ्यायचा तर वरचा बर्थ लहान करावा लागेल म्हणाले. मग मीच नको म्हटलं. डबा दाराशीच ठेवलाय. नवीन बिऱ्हाड येईल ते पाणी घालेल.

कुलूप मात्र आपलं होतं, अलिगढी, ते काढून घेतलं. आता गाडीच्या दाराला तेच आहे.

निरोपाची व्यवस्था मी पक्की केलीय, काळजी करू नकोस. शेजारची मनीषा आहे ना, इस्लामपूरची, ती दिवसभर दाराशीच असते. तिला आमचा सगळा रस्ता सांगितला, तुझा पत्ता दिला. धैर्या आला तर त्याला धरून ठेवायचं, जेवायला घालायचं आणि तुला तार करायची. आमचे दूधवाले रामदुलारे भैया यांनाही सांगून ठेवलंय, पण ते पहाटे येऊन जातात. खरा भरवसा मनीषाचा.

रस्त्यातून लिहीन. आशीर्वाद तर आहेतच तुला, आमच्यासाठी तू देवाला चार शब्द सांग.

तुझी वहिनी,
माणिक

॥ श्री ॥

इटारसी
९ एप्रिल १९९५

चि. सौ. उल्का हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडचे पाच दिवस अंगावर मूठभर मांस चढवून गेले. तुझ्या हातची पुरणपोळी खाऊन तुझे दादा काट्यावर उभे राहायला तयार होईनात. त्यांना हसताना बघून बरं वाटलं.

कानपूर, झाशी, भोपाळ तर तुझ्याकडे येतानाच झालं होतं. इथे येऊन बरेच दिवस झाले. रोज सकाळी हे फोटो घेऊन स्टेशनवर जातात. हमाल, चहावाले, रेल्वेच्या खानावळी. एकाने सांगितलं की असा मुलगा गेल्या पावसाळ्यात पार्सल ऑफिसात काम करत होता, मग गेला. दुसऱ्याने सांगितलं तो मुलगा बंगाली होता. हे दोन्ही ऐकून घेतात आणि संध्याकाळी परत येतात. मग बाही वर करून वरचा बर्थ पुसतात. त्यावर कुणी झोपत नाही, धूळ कसली बसणार, पण पुसतात. मला एक पिशवीसुद्धा तिथे ठेवू देत नाहीत.

लाल क्रॉस शेवटी राहिलाच. तुला सांगायचं राहिलं, तुझ्याकडे येताना झाशीच्या अलीकडे एका गावात झाडाखाली थांबलो तर सगळी तरणी पोरं शेतांत पळाली. मग एका म्हातारीने भीतभीत येऊन विचारलं की नसबंदीवाले आहात का. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. नंतर वाटलं, आमची गाडी बघून पोरंच पळताहेत, आणि आम्ही पोरगा शोधतोय. मग ते पाणी थांबेना.

इथून नागपूरला जाऊ. पत्र पाठवायचं तर नागपूर हेड पोस्टात, पोस्टमास्तरांच्या पत्त्यावर पाठव. तिथे विचारून घेऊ. मनीषाचं काही आलं का ते लिही. अवनीच्या परीक्षेला आशीर्वाद, तुला काय देऊ, तू आपली वहिनीला सांभाळून घे.

तुझी,
माणिकवहिनी

॥ श्री ॥

मिरज
६ मे १९९५

ती. सौ. वहिनींस, सा. न. वि. वि.

वहिनी, मनीषाचं कार्ड आलं. धैर्याची बातमी नाही. तिच्या यजमानांची बदली झाली. सगळी तुकडीच एकदम आसामात हलवली म्हणे, आठवडाभरात आवरून निघाले. तुमचा निरोप दुसऱ्या कुणाला द्यावा तर तुमच्या ओळखीचं लाइनमध्ये कुणी उरलंच नाही, सगळी नवी बिऱ्हाडं. बिचारीने चार वेळा माफी मागितली आहे.

तुमची लाइन म्हणजे धर्मशाळा हे आपल्याला ठाऊक नव्हतं का हो? तुमच्यासारखं एखादं बिऱ्हाड सोडलं तर तीन वर्षांच्या वर तिथे कोण टिकतं? तुम्हीही विसरलात, मीही विसरले. मनीषाचं तोंड बघून आपण तिला कायमची धरून चाललो.

मी तुम्हाला घाबरवत नाही, पण माझं मन थाऱ्यावर नाही. दादाला सांगा की मी सांगितलंय, नागपूर पुरे, गाडी वळवा. तुमचं म्हणणं खरं होतं असं मला आता फार वाटतं. हे पत्र वेळेत मिळावं. मिळालं की एका ओळीचं का होईना उत्तर टाका.

आपली,
उल्का

॥ श्री ॥

बख्शी का तालाब
८ जुलै १९९५

चि. सौ. उल्का हिस आशीर्वाद.

तुझं पत्र नागपूरला वेळेत मिळालं नाही. आम्ही पोचलो तेव्हा आलं नव्हतं, आणि मग गाडीचा गिअरबॉक्स गेला म्हणून वर्ध्याला अडकलो. जूनच्या अखेरीस परत फिरताना हे मुद्दाम पुन्हा पोस्टात गेले तेव्हा हातात पडलं. तिथून तडक लखनौ. वाटेत कुठे मुक्काम केला असेल तर तो झोपेपुरता.

उल्का, तो येऊन गेला.

मे महिन्यात आला. आम्ही इटारसीत त्याचा फोटो दाखवत होतो, का नागपूरच्या वाटेवर होतो, ते आता काढून काय करायचं. क्वार्टरमध्ये मिसेस नेगी म्हणून गढवालची बाई आलीय. वाईट नाही ग, तिच्यावर राग धरवत नाही. तिने सांगितलं ते सांगते. दुपारची वेळ, लू म्हणजे उन्हाची झळ सुटलेली, सगळ्यांची दारं बंद. हिला बाहेर डबा सरकल्याचा आवाज आला. खिडकीतून बघते तर एक दाढीवाला उंच मुलगा कढीलिंबाचा डबा कलता करून खाली हात घालून चाचपतोय. हिला वाटलं चोर. ही ओरडली.

तो पळाला नाही. डबा नीट जागेवर ठेवला, हात जोडले आणि विचारलं की इथले लोक कुठे गेले. हिने सांगितलं की रिटायर झाले, मुलखाला गेले असतील, पत्ता नाही. आसपास कुणाला ठाऊक असेल का विचारलं, तर सगळेच नवे. मग त्याने पाणी मागितलं. हिने आत बोलावून दिलं. आई कशी होती, चालती-फिरती होती का, असं त्याने विचारलं. हिने मला कधी पाहिलेलंच नाही, काय सांगणार? जाताना त्याने कढीलिंबाची एक डहाळी तोडून घेऊ का म्हणून विचारलं आणि खिशात घालून गेला. कपाळ दाराला लागू नये म्हणून वाकला होता म्हणाली. दार तसं बुटकं नाही.

मी तिच्या ओट्यावर बसले ती मला उठवेचना. किल्ली शोधत होता, उल्का. वेळ झाली, भूक लागली, आई बाहेर गेली असेल, म्हणून किल्ली शोधत होता. आणि मी डबा ठेवून किल्ली घेऊन गेले.

तुझ्या दादांना मी गाडीशी जाऊन सांगितलं. मला वाटलं काही बोलणार नाहीत. त्यांनी वरच्या बर्थची साखळी सोडली, फळी खाली घेतली आणि तिच्यावर डोकं ठेवून रडले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा पाहिलं मी. जिथून हाकललं तिथे थांबायचं सोडून जगभर शोधत फिरलो, असं म्हणाले. मी आधीच सांगितलं होतं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं. ते बोलून काय मिळणार होतं मला?

तुझ्याकडे येईल का तो? मुलुख म्हटल्यावर त्याला मिरजच आठवेल. दाराला कडी घालू नकोस. तुला सगळं पोचतंय, एवढं बळ आहे.

तुझी,
वहिनी

॥ श्री ॥

मिरज
१९ जुलै १९९५

ती. सौ. वहिनींस आणि ती. दादास, सा. न. वि. वि.

कडी घालत नाही. हे पुढच्या खोलीत झोपतात. अवनी रोज शाळेतून येताना स्टेशनवरून येते, मी सांगितलं नव्हतं, तिनेच ठरवलं.

वहिनी, एक मात्र धरून ठेवा. तो आला होता. पाय वळले होते त्याचे. राग गेल्याशिवाय पोरगं किल्ली शोधत नाही. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत राहा, एवढंच या धाकटीचं ऐका.

आपली,
उल्का

॥ श्री ॥

बख्शी का तालाब
१४ जानेवारी १९९६

चि. सौ. उल्का हिस अनेक आशीर्वाद.

सोबत चार दाणे हलव्याचे टाकलेत. तिळगूळ घे आणि गोड बोल, म्हणजे तुला जमेल तेवढं. अवनीच्या मैत्रिणींनाही एकेक दे.

तू दोन्ही पत्रांत गाडीचं विचारलंस. विकली नाही. लाइनच्या तोंडाशी, रस्त्याच्या पलीकडे रामदुलारे भैयांची पडीक जागा आहे, तिथे उभी केलीय. इथून आमच्या जुन्या क्वार्टरचं दार दिसतं. म्हशी शेजारी आहेत, वास येतो, पण दूध दारात. गेले आठ दिवस कोहरा, म्हणजे इथलं धुकं, असा की क्वार्टर दिसतच नाही. तेव्हा तुझे दादा मफलर गुंडाळून रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसतात. कोहऱ्यात तोही आम्हाला बघू शकणार नाही ना, म्हणून.

चिनहटचे इद्रिसमिस्त्री मागे येऊन गेले. एवढी बांधलेली गाडी उभी बघून हळहळले. मग नेहमीसारखं विचारलं की आता काही एक्स्ट्रा? आणि काय सांगू, तुझ्या दादांनी सगळं सांगितलं. शिडी सांगितली. ओटा बाहेर कनातीखाली वाढवून घेतला, आता पोळपाट, तवा, परात सगळं मांडून बसते. पाटा-वरवंटा आला, लोखंडी कढई आली. मी विचारलं, वजनाचं काय? तर म्हणाले, आता कुठे जायचंय. भोंग्याचं मात्र मीच नको म्हटलं.

मिसेस नेगींनी डबा परत दिला. चार जणांनी उचलून आणला. उन्हाळ्यात पाण्यावाचून निम्मा वाळलाय कढीलिंब, पण खालून एक नवा फुटवा आलाय. तिसरा बर्थ उघडाच असतो. मी त्याच्यावर रजई घालून ठेवलीय, थंडी फार आहे. यांनी एका बाजूला, लाल क्रॉसच्या वरून, मोठ्या अक्षरांत शिंगटे असं आडनाव रंगवलं, पेट्यांवर रंगवतात तसं. खाली स्वतःचं नाव, माझं नाव. मग तिसरं. ब्रश धुवून आत आले आणि जेवले नाहीत.

तू हट्टाने बोलावतेस, घर वाढवलंत त्याच्या वास्तुशांतीला दोघांनी यायलाच हवं म्हणून. उल्का, दोघांना जमणार नाही. आमच्यातलं एकच कुणी येईल. रागावू नकोस. तू रागावलीस तरी दुसरं इथेच राहील.

त्याचं पुन्हा कार्ड आलं नाही. कुठे पाठवणार? क्वार्टरचा नंबर आता आपला नाही हे त्याला कळलंय. म्हणून तुला पत्ता लिहून देते. तुझ्याकडे आला तर आधी जेवायला घाल, मग हा त्याच्या हातात दे. शिंगटे, रामदुलारे यादव यांची जागा, जुन्या लाइनच्या समोर, बख्शी का तालाब, लखनौ. हा बदलायचा नाही. काल तुझ्या दादांनी चारी चाकं काढली आणि खाली विटा रचल्या. मी मागितलं नव्हतं.

विश्वासरावांना नमस्कार. तू आमची आहेस तशी राहा, आम्ही आता कुठे जात नाही.

तुझी वहिनी,
माणिक

ता. क. कुलूप तेच आहे, अलिगढी. किल्ली डब्याखाली असते. आम्ही दोघं एका वेळी बाहेर जातच नाही, कुलूप लागतच नाही. तरी रोज सकाळी हे डबा कलता करून बघतात.